दुसऱ्या ग्रुपचे उंदीर

"वावरातले उंदीर औषधानं मरत नाई, अन् तू तिकडं उंदरायले औषध पाजून वाचवून राह्यली का व?"

एम.फार्म.ला असताना मी फोनवर पहिल्यांदा माझा प्रोजेक्ट काय आहे ते सांगितलं (काविळीवर देतात त्या उन्हाळीच्या झाडाचा अर्क उंदरांवर तपासायचा) तेव्हा बाबांचं हे उत्तर होतं, आणि मग पानठेल्यावर, पारावर, जो भेटेल त्याला त्यांनी हेच सांगितलं, त्यामुळे आमच्या घाटंजी तालुक्यातल्या त्या गावात मी आजपण "उंदरायची डॉक्टर" आहे. आता नोकरी लागली, डी.फार्म.च्या पोरांना शिकवते, तरी नाव काही सुटलं नाही.

यावर लिहायचं कधीचं डोक्यात होतं कारण दर पावसाळ्यात कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, ताई कावीळ झाली, तू त्या झाडावर काम केलं ना, किती घ्यायचं सांग. मी म्हणते आधी रक्त तपासा, झाडाचं मी सांगू शकत नाही, तर समोरच्याला वाटते शिकली अन् शायनी झाली. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

सुरुवात बाबांच्या टीबीपासून. २०१८ ची गोष्ट. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, रोजच्या, चार औषधं एकाच गोळीत: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. यातली पहिली तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात, सगळ्यांना नाही, पण काहींना देतात. सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं की लघवी केशरी होईल, घाबरू नका, तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. सूचना शंभर टक्के बरोबर होती आणि आमचा घोळ तिथूनच झाला, कारण महिनाभरानी लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली तरी माय म्हणे गोळीचाच रंग हाय. मग जेवण सुटलं, भाकर समोर आली की बाबा तोंड फिरवायचे, ओकाऱ्या, आणि एक दिवस शेजारच्या काकूंनी अंगणात उजेडात पाहिलं तर डोळे हळदीसारखे. मी तेव्हा बी.फार्म.ला, होस्टेलवर, सेमिस्टर परीक्षा चालू, मला कोणी सांगितलंच नाही.

बाबांना नेलं काविळीवाल्या बुवाकडे. रविवारी देतात औषध, दोन गावं पलीकडे. आधी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होते, लोक म्हणतात पाहा कावीळ उतरून राह्यली (हाताला आधी आंब्याच्या सालीचं पाणी लागलं असलं की चुन्यात कोणाचंही पिवळं होते, कावीळ असो नसो, मी आमच्या लॅबमध्ये करून पाहिलं). मग डोक्यावर काड्यांची बारीक माळ ठेवतात, ती दिवसागणिक मोठी होत गळ्यात येते, मग छातीवर. ओल्या काड्यांचे तुकडे असतात, वाळले की आक्रसतात, दोऱ्याचे फास ढिले होतात, माळ लांबते, झालं. आणि तिसरं म्हणजे खरं औषध, उन्हाळीचं मूळ ताकात उगाळून, तीन रविवार. पथ्य: तेल नाही, हळद नाही, आणि "विंग्रजी गोया बंद".

या शेवटच्या पथ्याकडे लक्ष द्या.

बाबांनी टीबीच्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या रविवारपर्यंत डोळे पांढरे, भूक परत, बाबा खूश, बुवाला नारळ आणि एक शेला. मी परीक्षा संपवून घरी आले तर सगळे उन्हाळीचे गुण गात होते, मीपण गायले, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांनी ताप आणि खोकला परत आला. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, ओरडले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले गोळी थांबवली म्हणून कावीळ उतरली, आम्हीपण तेच केलं असतं, फरक एवढाच की एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खाली आला की आम्ही एकेक औषध परत चालू केलं असतं, रक्त पाहत पाहत. तेच मग त्यांनी केलं. बाबा आता ठणठणीत आहेत, या वर्षी पऱ्हाटी कमी आणि तूर जास्त लावली.

पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. गोळी थांबवली म्हणून, की उन्हाळी घेतली म्हणून? दोन्ही एकाच रविवारी झालं होतं. कसं कळणार?

म्हणून एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतल्यावर गाईड सरांना म्हटलं मला उन्हाळीच करायची. सर म्हणाले या झाडावर आधीच पेपर आहेत, नवीन काय त्यात, पण करू दिलं.

उन्हाळी तुम्ही पाहिली असेलच, धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, गुडघाभर झुडूप, पावसाळ्यानंतर जांभळट बारीक फुलं येतात. पान टोकाला धरून ओढलं तर सरळ फाटत नाही, बाणाच्या पिसासारखं तुटते, म्हणून शरपुंखा. लहानपणी आम्ही तेवढ्यासाठीच तोडायचो. आयुर्वेदात तिला प्लीहशत्रू असंही नाव आहे, प्लीहा म्हणजे पोटात डावीकडे असते ती पानथरी, आणि उजवीकडच्या लिव्हरच्या दुखण्यांतपण जुने लोक ती वापरत आले. शास्त्रीय नाव टेफ्रोसिया पर्प्युरिया. याच प्रजातीतली काही झाडं मासे गुंगवायलापण वापरतात, हे मला प्रोजेक्ट सुरू झाल्यावर कळलं आणि थोडा घाम फुटला. पाला गोळा करायला मी दिवाळीच्या आधी गावी आले, सोयाबीनची काढणी चालू होती, आणि धुऱ्यावरची घ्यायची हिंमत झाली नाही कारण आजकाल धुऱ्यावर सगळे तणनाशक मारतात, आणि २०१७ ची फवारणी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही, कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मेले होते. औषधाचा गुण तपासायचा आणि त्यातच विष असायचं असं नको. शेवटी पडीत जागेवरून, जंगलाच्या बाजूनी आणली, सावलीत वाळवली, बॉटनीच्या मॅडमकडून ओळख पटवून घेतली, हर्बेरियम शीट केली, म्हणजे वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून ठेवला.

मग सॉक्सलेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काचेचं एक भांडं असते, खाली अल्कोहोल उकळते, वाफ वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाल्यावर टपकते, भांडं भरलं की आपोआप खाली उतरते, परत उकळते, असं तासन् तास. कंडेन्सरला सतत थंड पाणी लागते. आणि आमच्याकडे मार्चनंतर नळाला पाणी कुठलं? सगळ्या विदर्भात जो जुगाड चालतो तोच केला, कूलरचा पंप. बादलीत बर्फाचं पाणी, त्यात कूलरची मोटर, पाइप कंडेन्सरला, दुसरा पाइप परत बादलीत. लाइट गेली की पंप बंद, वाफ खोलीभर, पळत जाऊन हीटिंग मँटल (खालची तापवायची शेगडी) बाजूला करा. एका किलो वाळलेल्या पाल्यातून ८० ग्रॅमच्या आसपास हिरवट काळा चिकट अर्क निघाला, गुळाच्या काकवीसारखा, वासानी डोकं दुखायचं.

प्राण्यांवर प्रयोग करायचा म्हणजे मनात आलं आणि केलं असं नसते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती, आणि कॉलेजात एथिक्स कमिटी, तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागते की एवढेच उंदीर का, कमी का नाही चालणार, दुखणार किती. मी ३६ मागितले. ६ आधी विषारीपणा तपासायला, ओईसीडीची ४२३ नंबरची पद्धत, ३-३ करून, किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क देऊन पाहायचं मरतो का. एकही मेला नाही, तेव्हा कुठे त्या मासेवाल्या गोष्टीची धास्ती कमी झाली. बाकी ३०, सहा-सहाचे पाच ग्रुप. पहिला ग्रुप काहीच नाही, फक्त पाणी आणि सीएमसीचं पातळ द्रावण (ज्यात अर्क घोळून देतात ती चिकट पूड, स्वतः औषध नाही). दुसरा, फक्त विष. तिसरा सिलिमरिन आणि विष, हे सिलिमरिन युरोपातल्या मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांतून येते, लिव्हरच्या कामात सगळे त्यालाच मापदंड धरतात. चौथा आणि पाचवा, उन्हाळी २०० आणि ४०० मिलिग्रॅम किलोमागे, आणि मग विष.

विष कोणतं? आपलं पॅरासिटामॉल. हो, तापाची गोळी, जी आमच्या गावात किराणा दुकानात बिस्किटाच्या पुड्याशेजारी असते. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, त्यातही लिव्हर धड असेल तर. नेहमीच्या डोसमध्ये बहुतेक औषध लिव्हर साखर नाहीतर सल्फेट जोडून लघवीवाटे काढून टाकते. थोडंसं मात्र सायटोक्रोम २ई१ नावाच्या एन्झाइमकडे जाते आणि त्याचं एक भडक द्रव्य बनते, एनएपीक्यूआय. त्याला विझवायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन असते, जसं विहिरीत पाणी असते तसं. जास्त गोळ्या गेल्या की ग्लुटाथायोनचा उपसा होऊन विहीर कोरडी, मग ते द्रव्य पेशींच्या प्रोटीनला चिकटते आणि पेशी मरायला लागतात, आधी त्या ज्या मधल्या शिरेभोवती आहेत कारण ते एन्झाइम तिथंच जास्त. यावर एन-असिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध आहे, ते नवीन ग्लुटाथायोन तयार करायला कच्चा माल देते. वेळेत दिलं तर माणूस वाचतो.

सात दिवस रोज सकाळी अर्क पाजायचा, बोथट गोल टोकाची सुई असते, तोंडातून सरळ पोटात. पहिल्या दिवशी माझे हात असे थरथरले की अ‍ॅनिमल हाऊसच्या काकांनी उंदीर माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, तुमी भिता म्हणून तो भिते." तिसऱ्या दिवसापासून जमलं. एप्रिलचा शेवट, बाहेर ४५, आत २२-२३ पाहिजे, आणि एसीचा कॉम्प्रेसर दोनदा बसला, त्या दोन रात्री काका आणि मी कूलर लावून ओले गोणपाट बदलत बसलो. उंदीर गरमीनं मेले असते तर कागदावर ते पॅरासिटामॉलच्या नावावर गेले असते.

आणि आता दुसरा ग्रुप. सहा उंदीर. त्यांना सात दिवस मी नुसतं सीएमसीचं पाणी पाजलं, आणि मग किलोमागे २ ग्रॅम पॅरासिटामॉल. बाकीच्या तीन ग्रुपना निदान काहीतरी दिलं होतं, त्यांच्याबाबतीत मनाला सांगायला होतं. यांना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी केस उभे, कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले, पाण्याच्या बाटलीकडेपण जात नव्हते. मी होस्टेलवर जेवले नाही त्या रात्री. मैत्रीण म्हणाली मग घेऊ नको ना तो ग्रुप, चार ग्रुप कर. आणि तेव्हा माझं डोकं एकदम उघडलं, की बुवाकडे हाच ग्रुप नाही! त्याच्याकडे फक्त चौथा आणि पाचवा आहे. औषध न घेता काय झालं असतं हे दाखवणारं तिथं कोणीच नाही, आणि असेल तरी रविवारी त्याच्या अंगणात येऊन बसत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए नाहीतर ई, घाण पाण्यातून, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते (गरोदर बाईला ई झाला तर मात्र फार धोका, तिथं रविवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना). लिव्हर हा अवयवच असा चिवट आहे. हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी १९३१ मध्ये उंदरांचं दोन-तृतीयांश लिव्हर कापून काढून दाखवलं होतं, उरलेला तुकडा आठवडा-दीड आठवड्यात वाढून पहिल्याएवढा होतो. म्हणजे तीन रविवार कशानी पुरतात ते समजलं ना? म्हणूनच लॅबमध्येपण विष दिल्यावर एक-दोन दिवसांतच रक्त घ्यावं लागते, उशीर केला की दुसरा ग्रुपसुद्धा आपोआप सुधारायला लागतो आणि मग फरक दिसत नाही.

रिझल्ट चांगले आले, सांगते. दुसऱ्या ग्रुपचा एसजीपीटी आणि त्याचाच भाऊ एसजीओटी आकाशाला, ४०० च्या डोसला बराच खाली, सिलिमरिनच्या जवळ पण त्याच्याएवढा नाही, २०० ला यथातथा. लिव्हरच्या स्लाइडवर दुसऱ्या ग्रुपमध्ये मधल्या शिरेभोवती पेशींचा चिखल, पाचव्यात बऱ्यापैकी शाबूत रांगा. एका उंदराचं रक्त केशिकानळीत फुटलं, लाल झालं सीरम, आणि फुटलेल्या लाल पेशींतूनही एसजीओटी येतो, तर ते रीडिंग सरांनी काढायला लावलं आणि तसं थिसिसमध्ये लिहायलाही लावलं. आणि हो, शेवटी तीसच्या तीस मारावे लागले, लिव्हर काढून वजन करून फॉर्मलिनमध्ये टाकायला. बाबा म्हणत होते ना वाचवून राह्यली, तर नाही वाचवले, औषधवालेपण नाही. हे मी घरी अजून सांगितलं नाही.

आता व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी जे विचारलं ते ऐका. त्या म्हणाल्या तू अर्क सात दिवस आधी दिला, विष नंतर, बरोबर? मग तुझ्या अर्कानी लिव्हर दुरुस्त केलं, की ते एन्झाइम अडवून पॅरासिटामॉलचं विष बनूच दिलं नाही? मी गप्प. खरंच की. कावीळ व्हायच्या सात दिवस आधी बुवाकडे कोण जाते? हे माझ्या एकटीचं नाही, या विषयातले कितीतरी पेपर असेच आहेत, आधी औषध मग विष, आणि शीर्षकात "यकृतसंरक्षक". एका सीनियरनी तर अर्क विरघळत नाही म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात घोळून दिला होता, रिझल्ट जबरदस्त, पण डीएमएसओ स्वतःच ते एन्झाइम दाबते, म्हणजे झाडाच्या जागी नुसता डीएमएसओ दिला असता तरी अर्ध काम झालं असतं. त्यात मॅडमनी हेपण सांगितलं की पॅरासिटामॉलला उंदरांची ही मोठी जात तशी दाद देत नाही, छोटे माइस माणसाच्या जास्त जवळ. मी एवढे ३० मारल्यावर.

आणि डोस. माझा ४०० मिलिग्रॅम किलोमागे, उंदराचं माणसात करायला साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ३.९ ग्रॅम अर्क, माझ्या हिशोबानी ५० ग्रॅम वाळलेला पाला, रोज, तोही अल्कोहोलमध्ये काढलेला. बुवा देतात बोटभर मूळ, ताकात. पाला वेगळा मूळ वेगळं, अल्कोहोलमध्ये उतरते ते ताकात उतरेलच असं नाही. आमच्या दोघांचं झाडाचं नाव तेवढं सारखं आहे.

माणसांवर तपासल्याशिवाय काही खरं नाही हे भुईआवळीनं शिकवलंच आहे. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासचा अभ्यास आला, हिपॅटायटिस बी असलेल्या लोकांना भुईआवळी दिली, ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती खोटी गोळी दिलेल्या २३ पैकी एकाचीच. जगभर खळबळ. मग दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तसं काही येईना. आणि गुळवेल, कोरोनात आमच्या गावात कडुनिंबावरच्या वेली उघड्या पडेपर्यंत लोकांनी काढे केले, मीपण घरी करून दिला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले ६ पेशंट छापले. आयुष मंत्रालयानी ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण त्यानंतर वेगवेगळ्या शहरांतून आणखी केसेस आल्या. लिव्हरचं औषध म्हणून घ्यायचं आणि लिव्हरच बसायचं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मागच्या उन्हाळ्यात बुवा स्वतः आमच्या घरी आले. बाबांनी सांगितलं होतं ना पोरीनं उन्हाळीवर पुस्तक लिहिलं म्हणून. म्हणाले, "बाई, त्या पुस्तकातलं एक पान दे, तो दांड्यादांड्याचा फोटो हाय ते, लॅमिनेशन करून वसरीत लावतो." (दांड्यादांड्याचा म्हणजे बार ग्राफ.) चहा झाला, मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पाच ग्रुप, दुसरा ग्रुप, सगळं. माणूस हुशार आहे, पैसेपण मागत नाही, जे देईल ते घेतो, शांतपणे ऐकलं. आणि मग म्हणाले, "अन् त्या दुसऱ्या खोलीतल्यायले काहून नाई देल्लं व? तेवढेच बिचारे बरे झाले असते." माय आतून हसली.

पान नाही दिलं. शंभर पानी एक वही दिली, म्हटलं काका, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर लिहा, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत तेपण, आणि टीबीची गोळी असेल तर ती बंद करायला सांगू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवा, डोळे पिवळे आहेत म्हणून सांगायला लावा, बंद करायची ते डॉक्टर ठरवतील. आणि जे दुसऱ्या रविवारी येत नाहीत त्यांना फोन करून विचारा काय झालं. हो म्हणाले. दिवाळीत गेले होते तेव्हा त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन वही पाहिली. अंगणात पंचवीस-तीस लोक बसले होते. वहीत तीन नावं होती. तिघांच्याही पुढे लिहिलं होतं, "बरा झाला", आणि फोन नंबर एकाचाही नव्हता.